देवाच्या गड्याचा रविवार

माझे भाऊजी नगरपालिकेत इमारत निरीक्षक होते आणि अख्खं शहर त्यांना टकटकसाहेब म्हणायचं. तोंडावर नाही, पाठीमागे. त्यांच्या खिशात पितळी डोक्याची एक छोटी हातोडी आणि एक टोच्या कायम असायचा. शाळा असो, वसतिगृह असो, नाट्यगृह असो, आत शिरले की आधी खांबावर टकटक, मग तुळईवर टकटक, आणि डोळे मिटून ऐकणं. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं आणि आतून पोखरलेलं बद्द वाजतं, असं ते सांगायचे. शंका आली की टोच्या खुपसायचे. तो आत गेला की मालकाचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

मी त्यांची मेहुणी. ताईपेक्षा नऊ वर्षांनी धाकटी, आणि तोंडाने तिच्यापेक्षा नऊ पट मोठी, असं भाऊजीच म्हणायचे. आमच्या चर्चमध्ये पायपेटी वाजवते, म्हणून ते मला पेटीवाली म्हणतात. ताईला बघायला आले तेव्हा या माणसाने चहा यायच्या आधी आमच्या दाराची चौकट वाजवून पाहिली होती. मला हसू आवरेना. आमचे बाबा तेव्हा या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणतेय चौकट?" भाऊजी म्हणाले, "डावी बाजू बदलून घ्या." बाबांनी चौकट बदलली आणि मुलगीही दिली.

नगरपालिकेची नोकरी लागली तेव्हा भाऊजी जरा खट्टू होते. त्यांना देवाची सेवा करायची होती, आणि नशिबी आल्या फायली. बाबांनी त्यांना बायबल उघडून दाखवलं आणि म्हणाले, "जावईबापू, प्रेषित पौलाने रोमच्या मंडळीला काय लिहिलं ते नीट वाचा. अधिकारी म्हणजे लोकांचं भलं व्हावं म्हणून देवाने कामाला ठेवलेला गडी. मीही गडी, तुम्हीही गडी. माझ्या हातात पुस्तक दिलंय, तुमच्या हातात शिक्का. फक्त एवढं विसरू नका, की सरकार मालक नाही. गडी स्वतःला मालक समजायला लागला की घर बुडालं, आणि गडी झोपला तरी घर बुडालं." भाऊजींनी ते मनावर घेतलं. नगराध्यक्षांच्या मेहुण्याचं सिनेमागृह त्यांनी बंद केलं, बदलीची धमकी आली तरी शिक्का मारला नाही. तेव्हा आमच्या चर्चच्या पंचांनी त्यांना पुढे बोलावून हार घातला होता. सरकारी माणूस असावा तर असा, असं सगळे म्हणाले. मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

आता त्यांची एक खोड सांगते, कारण पुढचं सगळं त्या खोडीमुळे झालं. भाऊजी रविवारी काम करत नसत. काम नाही म्हणजे अजिबात नाही. शनिवारी संध्याकाळी हातोडी कपाटात जायची आणि कपाटाला कुलूप लागायचं. रविवारी घरातला दिवा गेला तर ताई अंधारात चाचपडायची, पण हा माणूस खुर्चीवरून उठत नसे. आणि आमचं चर्च उघडायचं ते फक्त रविवारी. आठवडाभर कुलूप आणि किल्ली थोरल्या पंचांकडे.

अकरा वर्षांपूर्वी आमचा भाग भाऊजींकडे तपासणीला आला. दर वर्षी प्रत्येक सार्वजनिक इमारतीला दाखला द्यावा लागतो. इतर दिवशी चर्चला कुलूप, आणि रविवारी काम करायचं नाही. किल्ली मागता आली असती, पण देवाच्या घरात हातोडी घेऊन शिरायचं त्यांच्या जिवावर यायचं. देवाच्याच घराची काय परीक्षा घ्यायची? मी एकदा विचारलंही होतं, "भाऊजी, आपलं चर्च कधी तपासता हो?" ते म्हणाले, "दर रविवारी दोन तास त्याच छपराखाली बसतो की!" आम्ही सगळे हसलो. आणि त्यांनी अकरा वर्षं, अकरा वेळा, "तपासले, सुरक्षित आहे" असं लिहून सही केली. दुसऱ्या कुठल्याही इमारतीसाठी त्यांनी असं केलं नसतं. देवाचं घर होतं म्हणूनच केलं.

त्या रविवारी पाळकसाहेबांच्या सेवेला वीस वर्षं पूर्ण होत होती. चर्च खचाखच भरलं होतं. मागच्या भिंतीला लागून लाकडी गॅलरी आहे. एरवी तिथे साठ माणसं बसतात. त्या दिवशी शंभरावर असतील, पायऱ्यांवरसुद्धा माणसं. गॅलरीचा पुढचा भाग एका लांब तुळईवर आणि दोन खांबांवर उभा आणि खाली यायला कोपऱ्यात एकच अरुंद जिना. ताईची मुलगी चार महिन्यांच्या बाळाला घेऊन गॅलरीत पहिल्याच रांगेत, अगदी कठड्याला लागून बसली होती, कारण बाळाला तिथे वारा लागतो. ताई आणि भाऊजी नेहमीच्या जागी, गॅलरीच्या खाली, डाव्या खांबाजवळ.

माझी पेटी पुढे, व्यासपीठाच्या बाजूला. माझं तोंड मंडळीकडे असतं, त्यामुळे कोण पेंगतंय, कोण घड्याळ बघतंय, सगळं मला दिसतं. दर रविवारी पाळक सत्तेवर असलेल्यांसाठी प्रार्थना करतात. राज्य करणाऱ्यांना, अधिकाऱ्यांना शहाणपण दे, त्यांना न्यायाने वागू दे, म्हणजे आम्हाला शांतपणे जगता येईल. त्या प्रार्थनेला भाऊजींची मान इतकी खाली जायची की कपाळ पुढच्या बाकाला टेकायचं. मी मनात म्हणायचे, काय हा भक्तिभाव! त्या दिवशीही मान तशीच गेली. पण वर आली तेव्हा ते आपल्या उघड्या गीतपुस्तकाकडे बघत होते.

त्यांनी पानावरून हात फिरवला. थोड्या वेळाने परत फिरवला. मग बोटाचं टोक डोळ्यांजवळ नेलं आणि वर पाहिलं.

वर गायनमंडळ उभं राहून गात होतं आणि तरुण पोरं पायांनी ठेका धरत होती. भाऊजींनी बाजूच्या खांबावर बोटाच्या पेरांनी हळूच टकटक केलं. मग चक्क कान लावला. भर उपासनेत खांबाला कान! मला फस्सकन हसू येणार होतं, पण त्यांनी कान काढला आणि मला त्यांचा चेहरा दिसला. हसू तिथेच जिरलं. गाणं संपलं तरी माझी बोटं पट्ट्यांवरच राहिली.

पाळकसाहेबांचा उपदेश सुरू झाला. भाऊजी बसून होते. ते का बसून आहेत हे मला कळेना आणि राग यायला लागला. नंतर त्यांनी सांगितलं, की ती पाच मिनिटं ते हिशोब करत होते. ओरडलं तर शंभर माणसं एकदम त्या जिन्यावर धावतील आणि जिना त्याच गॅलरीला टांगलेला. गप्प बसलं तर शेवटच्या गीताला सगळे उभे राहतील आणि ठेका धरतील. शिवाय खिशात हातोडी नाही. शंका खरी की खोटी हे सांगायला हातात काही नाही. आणि शंका खरी निघाली, तर अकरा दाखले खोटे.

मग ते उठले. मधल्या वाटेने, न धावता, थेट माझ्याकडे आले आणि वाकून म्हणाले, "पेटीवाली, शेवटचं गीत वाजवायचं नाही. मी खूण केली की काहीतरी संथ वाजव आणि थांबू नकोस. काहीही झालं तरी थांबू नकोस."

"काय झालंय?"

"वाळवी. माझ्या पुस्तकावर वरून भुसा पडतोय."

ते व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. तीस वर्षांत हा माणूस तिथे कधी चढला नव्हता. पाळकसाहेब बोलायचे थांबले. भाऊजी त्यांच्या कानात काहीतरी बोलले. पाळकसाहेबांचा चेहरा लाल झाला. मी अगदी जवळ होते, मला ऐकू आलं.

"आज? आजच्या दिवशी? उद्या बघू ना, निरीक्षकसाहेब."

"उद्यापर्यंत ती तुळई थांबेल का, हे मी सांगू शकत नाही."

"खात्री आहे तुमची?"

"नाही. हातोडी घरी आहे."

पाळकसाहेबांनी गॅलरीकडे पाहिलं. मग ते एक पाऊल मागे सरकले आणि भाऊजींना जागा दिली. त्यांच्याबद्दल पुढे कोणी काहीही बोललं तरी हे मी विसरणार नाही.

भाऊजींचा आवाज मुळात बारीक. पण त्या दिवशी शेवटच्या बाकापर्यंत गेला. "मी नगरपालिकेचा इमारत निरीक्षक म्हणून बोलतोय. गॅलरी आत्ता रिकामी करायची आहे. कोणी पळायचं नाही, कोणी पाय आपटायचा नाही. जिन्याजवळची रांग आधी, मग तिच्या पुढची. एका वेळी चार माणसं. गॅलरीखाली बसलेल्यांनी बाजूच्या दाराने बाहेर जायचं."

एकदम कुजबुज उठली. थोरले पंच पहिल्या बाकावरून उभे राहिले. "हे देवाचं घर आहे! इथे नगरपालिकेचा हुकूम चालत नाही. आणि आज रविवार आहे, तुम्हीच काम करत नाही ना रविवारी?"

"त्या देवानेच ठेवलंय मला या कामावर," भाऊजी म्हणाले. "अकरा वर्षं झोपलो होतो. आता बसा, नाहीतर बाहेर जा. वाट अडवू नका."

पंच खाली बसले. त्यांच्याशी असं कोणी बोलल्याचं मला आठवत नाही. भाऊजींनी मला खूण केली आणि मी वाजवायला सुरुवात केली.

कोणतं गीत वाजवलं ते आजही सांगता येणार नाही. संथ होतं एवढं खरं. वरची माणसं उठायला लागली. चार उतरली, मग चार. खालचे बाक रिकामे झाले, ताईला दोन बायकांनी हाताला धरून बाहेर नेलं. ती मागे वळून वर मुलीकडे बघत होती. आणि भाऊजी उलट आत गेले. गॅलरीच्या खाली, डाव्या खांबाजवळ उभे राहिले आणि खांबावर पंजा ठेवला. माणूस पडती गॅलरी हाताने पेलणार होता की काय? मला ओरडावंसं वाटलं, अहो, बाहेर या! पण थांबू नकोस म्हणाले होते. मी वाजवत राहिले.

भाचीची रांग शेवटची. ती बाळाला छातीशी धरून कठड्याजवळ बसून होती. साठ माणसं उतरली असतील तेव्हा वरून एक आवाज आला. मोठा नाही. वाळलेली फांदी पायाखाली यावी एवढाच. सगळे जागच्या जागी थांबले. जिन्यावर एक म्हातारी रडायला लागली, मागून कोणीतरी ढकललं.

"ढकलायचं नाही!" भाऊजी खालून म्हणाले. "माझा हात खांबावर आहे. काही वाटलं तर मी सांगेन. आजी, कठडा धरा, पुढची पायरी." मग वर न बघताच म्हणाले, "बाळाला झोप लागलीय का गं?"

"हो, पप्पा," वरून भाचीचा आवाज आला.

"मग उठवू नकोस. तुझी पाळी आली की सांगतो."

आपली मुलगी आणि नात डोक्यावर, आणि हा माणूस पाळी सांगत होता! मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला, आणि त्यांच्यासाठी जीव इतका तुटला, की पट्ट्या दिसेनाशा झाल्या. चार, चार, चार. शेवटी भाची उतरली. तिचा पाय फरशीला लागला तेव्हा भाऊजींनी खांबावरचा हात काढला आणि तिथेच खाली बसले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. मी वाजवणं थांबवलं तेव्हा मला कळलं की चर्चमध्ये आता आम्ही दोघंच आहोत.

गॅलरी पडली नाही. पडली असती तर सगळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतलं असतं. सोमवारी ते हातोडी घेऊन शिडीवर चढले, मी शिडी धरली होती. तुळई बद्द वाजली. टोच्या मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा. खांबही आतून पोकळ. त्यांनी चर्चला सील ठोकलं आणि दारावर नोटीस लावली.

मंगळवारी पंच घरी आले, पाळकसाहेबही होते. थोरले पंच म्हणाले, "नोटीस काढा. आम्ही दोन टेकू लावतो. शास्त्र काय सांगतं? देवाचं ऐकायचं की माणसांचं?"

"देवाचं," भाऊजी म्हणाले. "उद्या सरकारने सांगितलं की प्रार्थना करू नका, तर तुरुंगात जाणारा पहिला मी असेन. पण सरकार एवढंच सांगतंय की माणसांच्या डोक्यावर छप्पर पाडू नका. कुजक्या तुळईखाली बसा, असं देवाने कुठे सांगितलंय ते मला दाखवा."

"सिनेमागृह बंद केलंत तेव्हा आम्ही हार घातला होता."

"तेच काम आता इथे केलंय. तो हार परत घ्यायचा असेल तर घ्या."

ते निघून गेले, चहाला हातही न लावता. पाळकसाहेब दारात क्षणभर थांबले, मग त्यांच्या मागे गेले.

बुधवारी संध्याकाळी भाऊजी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अहवाल लिहायला बसले. त्यांच्या वरिष्ठ साहेबांनी सकाळीच बोलावून सांगितलं होतं, की नुकसान यंदाच झालंय असं लिहा, वाळवी काय कधीही लागते, तुमच्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. ताईही तेच म्हणत होती. आधी समजावून, मग रडून. "एक शब्द, अहो. 'नुकतीच' एवढा एक शब्द. कोणाचं वाईट होणार आहे त्याने? माणसं तर वाचवलीत ना तुम्ही?"

मीही म्हणाले, "लिहा ना भाऊजी. ताईकडे बघा जरा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाबा म्हणाले होते मी देवाचा गडी आहे. मग सरकारी कागदावर खोटं लिहिणं म्हणजे मालकाच्या नावाने खोटं बोलणं. अकरा वेळा बोललोय. बारावी वेळ नाही जमणार." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "दर रविवारी ती अधिकाऱ्यांसाठीची प्रार्थना व्हायची ना, तेव्हा मला आपल्या चर्चचा दाखला आठवायचा. मान वर करवत नव्हती."

इतकी वर्षं मी त्याला भक्तिभाव समजत होते. त्यांनी लिहिलं, "गेली अकरा वर्षे प्रत्यक्ष तपासणी न करता दाखले दिले, ही चूक माझी आहे," आणि खाली सही केली. शुक्रवारी ते निलंबित झाले. चौकशी बसली. निवृत्तिवेतन मिळेल की नाही, कोणी सांगू शकत नव्हतं. ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, मात्र ताट रोज वेळेवर वाढलं.

रविवारी उपासना शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. माझी पेटी चर्चमध्ये सीलबंद, म्हणून शाळेची जुनी पेटी मिळाली, तिचे दोन सूर बसलेले. मी लवकर गेले तर भाऊजी आधीच तिथे. हातोडी घेऊन शेडचे खांब वाजवत होते.

"आज रविवार आहे, भाऊजी."

"माहितेय," ते म्हणाले आणि पुढच्या खांबाकडे गेले.

लोक आले. भाऊजी आणि ताई ज्या बाकावर बसले त्यावर तिसरं कोणी बसलं नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केल्या. आजाऱ्यांसाठी, विधवांसाठी, प्रवासात असलेल्यांसाठी. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आता आपण गीत गाऊ."

अधिकाऱ्यांसाठीची प्रार्थना त्यांनी गाळली होती. माझ्या आयुष्यात ती कधी गाळलेली मी ऐकली नव्हती, बाबांच्या काळातही नाही. भाऊजींची मान खाली जायला लागली होती, ती मध्येच थांबली.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात मांडीवर ठेवले.

"गीत," ते पुन्हा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघत बसले. थोरले पंच खाकरले. कोणीतरी कुजबुजलं, पेटी बिघडली वाटतं. पेटी बिघडली नव्हती. मी पाळकाची मुलगी, आणि भर उपासनेत पाळकाचं ऐकत नव्हते. पण गॅलरीतून उतरलेली शंभर माणसं त्या शेडमध्ये बसली होती, माझी भाची बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ही प्रार्थना ऐकल्याशिवाय माझी बोटं हलणार नव्हती.

भाचीचं बाळ कुरकुरलं. पाळकसाहेबांनी त्या बाळाकडे पाहिलं, मग पुस्तक पुन्हा उघडलं. "सत्तेवर असलेल्या सगळ्यांसाठी," ते म्हणाले. "त्यांना शहाणपण दे. त्यांना न्यायाने वागू दे. आणि ते आमच्या दारात येतील, तेव्हा दार उघडायची आम्हाला बुद्धी दे."

मी डोळे मिटायला हवे होते, पण मी भाऊजींकडे बघत होते. आता ते कसलेही अधिकारी नव्हते. त्यांची मान सरळ होती आणि कपाळ कुठेही टेकलेलं नव्हतं. मग मी पेटी वाजवली.